कडी बाहेरून लावलेली होती

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यावरच गुदरलेलं आहे.

तेव्हा मला बाळंत होऊन चौदा दिवस झाले होते. त्यामुळे भास झाला असेल, असं म्हणणारे म्हणतात. म्हणू देत. पण माझे सासरे काही बाळंत झालेले नव्हते. ती कडी त्यांनी स्वतःच्या हाताने उघडली.

तारीखही सांगते. मागच्या वर्षीची तेवीस डिसेंबर. जागा आमचंच घर. चीनच्या हेइलोंगच्यांग प्रांतात, अगदी उत्तर टोकाला सानदाओवान नावाचं गाव, त्यातलं सगळ्यात शेवटचं घर. पुढे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे टेकडी. टेकडीवर गावाची माणसं पुरलेली.

वेळ पावणेचारची. आमच्याकडे त्या दिवसांत पावणेचारला रात्र होते.

मुलगी झोपली की लिहिते, ती उठली की थांबते. तेव्हा तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आधी कोंबड्यांचं सांगायला हवं.

त्या कोंबड्या माझ्या सासूबाईंच्या. मी त्यांना आईच म्हणायची. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे हा शब्द माझ्याकडे बरीच वर्षं नुसताच पडून होता. मला दिवस गेलेत हे कळलं त्याच दिवशी आईंनी दोन खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवली. मी म्हटलं, अहो आई, अजून आठ महिने आहेत. त्या म्हणाल्या, "मग? कोंबडीलाही वेळ लागतो. तुझा महिना बसेल तेव्हा यातल्या तलंगा अंड्यावर येतील."

महिना बसणं म्हणजे बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. गार पाण्यात हात घालायचा नाही. वारा अंगावर घ्यायचा नाही. राळ्याची पेज, तांबडी साखर आणि अंडी. दिवसाला सहा, आठ, दहा... पोटात जातील तेवढी. आमच्याकडे बाळंतिणीची किंमत तिच्यासाठी घरात किती अंडी साठवली यावरून कळते.

आईंनी अठरा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, वाढवल्या. आणि एक कोंबडा, लाल, मानेवर सोनेरी झाक असलेला. रोज दिवस मावळताना त्या मक्याचं भांडं घेऊन खुराड्यापाशी जायच्या आणि हाक मारायच्या.

गू गू गू गू गू...

आणि मग खोकायच्या. दोनदा. त्यांना जुना खोकला होता. हाक संपली की खोकला यायचाच. मग लाकडी कडी सरकल्याचा आवाज. खट्. पिवळ्या कातडीचं ते मुंगसासारखं जनावर आत शिरू नये म्हणून. त्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत.

त्या खोकल्यानेच ऑक्टोबरात त्यांना नेलं.

तालुक्याच्या दवाखान्यातच त्यांचा जीव गेला. बाहेरगावी मेलेल्या माणसाला घराची वाट सापडत नाही, म्हणून गाडीत पुढे कोंबडा ठेवायचा असतो. पायाला लाल दोरा बांधून. कोंबडा वाट दाखवतो, माणूस मागून येतो. प्रत्येक पुलावर मुलाने हाक मारायची, की आई, पूल आला, भिऊ नको, माझ्या मागे ये.

सासरे बाजारातून कोंबडा आणायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं.

मी म्हटलं, "बाबा, आपलाच न्या ना. तो आईंना ओळखतो. परका कोंबडा त्यांना काय ओळखणार?"

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

माझा नवरा शिलिन आमचाच कोंबडा मांडीवर घेऊन गाडीत बसला. रडत रडत त्याने पाच पुलांवर हाका मारल्या. आईंना टेकडीवर पुरलं. रीतीप्रमाणे कोंबडा तिथेच सोडला.

संध्याकाळी तो चालत घरी आला. पायात लाल दोरा तसाच. आणि थेट खुराड्यात शिरला.

आम्हाला बरंच वाटलं. आईंचं काहीतरी परत आलं, असं वाटलं.

शिलिन दक्षिणेत जहाजांच्या गोदीत काम करतो. चौदा दिवस थांबून तो परत गेला. मी आठव्या महिन्यात होते. दिवस भरायच्या आधीच, नऊ डिसेंबरला, मी बाळंत झाले. मुलगी झाली. दोन किलोलाही कमी. शिलिनने फोनवरच नाव ठेवलं. नुआन. म्हणजे ऊब.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, हिला आईचंच दूध हवं, तुम्ही भरपूर खा. डब्याचं दूध दोनदा दिलं. दोनदा तिचं पोट बिघडलं. मग कुणी पुन्हा डब्याचं नाव काढलं नाही.

आता मुलीचा जीव माझ्या दुधावर. माझं दूध अंड्यांवर. आणि अंडी त्या अठरा कोंबड्यांवर.

शेजारच्या माओ काकू सकाळी येऊन पेज करून द्यायच्या. त्यांचं तोंड फार तिखट, पण हात मऊ. खिडकीला बाहेरून प्लास्टिक ठोकलेलं असतं थंडीचं, आतून काचेवर बर्फाची नक्षी. मला बाहेरचं काही दिसायचं नाही. मी चुलीच्या धगीने खालून तापणाऱ्या झोपायच्या ओट्यावर मुलीला घेऊन पडलेली. सारखं विचारायची, काकू, आज किती अंडी?

काकू म्हणायच्या, "सहा. तुझ्या सासूने कोंबड्या वाढवल्यात की मोलकरणी, देव जाणे. माझ्या सगळ्या संपावर गेल्यात."

पाचव्या दिवशी पारा उतरला. उणे चौतीस.

त्या सकाळी अंडी आली नाहीत.

एक कोंबडी मेली होती.

सासऱ्यांनी दारातूनच सांगितलं. मी म्हटलं, थंडीने असेल. ते म्हणाले, असेल.

दुसऱ्या दिवशी दुसरी.

तिसऱ्या दिवशी तिसरी.

रोज एक. नेमकी एक. ना रक्त, ना उपसलेली पिसं, ना बर्फावर कुठल्या जनावराचं पाऊल. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं. मेलेली कोंबडी दांडीवरून पडलेली नसते. ती खाली भुशात बसलेली असते. अंडी उबवायला बसते तशी, पंख पसरून.

आणि तोंड...

"तोंड कुठे असतं, बाबा?"

ते चुलीत लाकूड सारत राहिले. मग म्हणाले, "घराकडे. तुझ्या खिडकीकडे."

आणखी एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. उचलली की ती हलकी लागायची. चांगल्या भरलेल्या तलंगा, पण हातात घेतली की नुसती पिसांची उशी. जणू आतलं काहीतरी काढून घेतलंय.

काकू म्हणाल्या, आपोआप मेलेलं बाळंतिणीला घालायचं नाही. बाबांनी त्या दूर नेऊन पुरल्या. पुरल्या म्हणजे बर्फाखाली ठेवल्या, जमीन दगड झाली होती.

राहिलेल्या कोंबड्यांचं मात्र आश्चर्य होतं. माओ काकूंच्या कोंबड्यांचे तुरे थंडीने काळे पडून गळले. आमच्या कोंबड्यांचे तुरे लालभडक. काकूंच्या खुराड्यातलं पाणी तासाभरात दगड व्हायचं. आमच्या खुराड्यातलं पाणी सकाळीही पाणीच.

"तू काय आत शेगडी ठेवतोस का रे म्हाताऱ्या?" काकूंनी बाबांना विचारलं.



नवव्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकलं.

साडेतीन वाजून गेले होते. घरात अंधार. नुआन छातीशी, चोखतेय, सोडतेय, पुन्हा चोखतेय. आणि खिडकीच्या पलीकडून...

गू गू गू गू गू...

मला वाटलं, बाबा कोंबड्यांना बोलावतायत. बरं वाटलं. माणूस शोकातून बाहेर येतोय, असं वाटलं. ते माझ्या खोलीत आल्यावर मी म्हटलं, "बाबा, आज अगदी आईंसारखी हाक मारलीत."

बाबांना कमी ऐकू येतं. मला पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी हातातलं पत्र्याचं घमेलं दाखवलं.

"मी हाक मारत नाही. मला नाही जमत ते. मी हे वाजवतो."

खरंच. ते रोज घमेलं वाजवायचे. ठण्ण ठण्ण. मला माहीत होतं.

त्या दिवशी घमेलं वाजलंच नव्हतं. ते म्हणाले, "अजून गेलोच कुठे? आता निघालोय."

दहाव्या दिवशी पुन्हा. अकराव्या दिवशी पुन्हा. बाराव्या दिवशी मी श्वास धरून ऐकलं. हाक संपली. मी वाट पाहिली.

खोकला आला.

दोनदा.

मग... खट्.

मी शिलिनला फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "याओ, तू झोपत नाहीयेस. मी लवकर यायचं बघतो." मागून गोदीतले हातोडे ऐकू येत होते. मला त्याचा राग आला नाही. त्याचीच आई होती. 

खरं सांगू? मला भुताची भीती वाटायला फुरसत नव्हती. माझं दूध आटत होतं. आठ दिवसांत एकही अंडं नाही. काकूंच्या कोंबड्या मेल्या नाहीत पण अंडी त्याही देईनात. गावभर तेच. नुआन आधी भुकेने किंचाळायची. मग नुसती रडायची. मग कण्हायची. तिच्या मांडीची कातडी सैल झाली, म्हाताऱ्या माणसासारखी. लंगोट दिवस दिवस कोरडा राहायचा.

मी त्या आवाजाला मनातल्या मनात म्हटलं, आई असाल तर हे काय करताय? माझ्या मुलीच्या तोंडचं का नेताय?

तेरा दिवसांत नऊ कोंबड्या गेल्या. अठरातल्या नऊ उरल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी एकही मेलेली नव्हती. बाबा तीनचाकी घेऊन तालुक्याला निघाले. लहान वजनाच्या मुलांसाठी वेगळं दूध मिळतं म्हणे, ते आणायला. माओ काकू लेकीकडे गेलेल्या. बाबांनी घरात दोन वेळचं सरपण आणून ठेवलं आणि म्हणाले, "दुपारपर्यंत येतो. दार उघडू नको. वारा घेऊ नको."

अकराला बर्फ सुरू झाला. एकला वादळ झालं.

फोन लागेना.

दोनला घरातलं शेवटचं लाकूड चुलीत गेलं. उरलेली रास बाहेर, भिंतीला लागून, बर्फाखाली.

तीनला ओटा कोमट झाला. मग गार होऊ लागला.

मी माझे सगळे कपडे तिच्यावर घातले. तिला अंगाशी धरलं. छाती तिच्या तोंडात दिली. तिने चोखलं नाही. पुन्हा दिली. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत. डोळे अर्धे उघडे, माझ्याकडे नाही, छताकडे. पाय हातात घेतले तर...

गार.

मी तिला हलवलं. मी तिला तिच्या नावाने हाक मारली. ऊब, ऊब, ऊब, असंच म्हणत होते मी. ते नाव आहे की मागणं आहे, हे मलाच कळत नव्हतं.

ती रडली नाही. ती रडावी म्हणून मी तिच्या तळव्याला चिमटा काढला. आज तो आठवला तरी माझा हात दुखतो. ती रडली नाही.

पावणेचार. काळोख.

आणि बाहेर, वादळाच्या आवाजात, अगदी स्वच्छ...

गू गू गू गू गू...

मी ऐकत राहिले. हाक थांबली नाही. रोज एकदा व्हायची. त्या दिवशी पुन्हा झाली. पुन्हा झाली. कोंबड्या आत येत नसल्या की आई अशाच पुन्हा पुन्हा बोलवायच्या. थोडं चिडून, थोडं काळजीने.

तेव्हा माझ्या मनात आलं... खुराड्यातलं पाणी गोठत नाही.

मी नुआनला नागडी करून माझ्या उघड्या छातीशी बांधली, वरून शिलिनचा कापसाचा मोठा कोट घातला आणि दार उघडलं.

महिना बसलेल्या बाईने करू नये ते सगळं मी एका क्षणात केलं. बर्फ मांडीपर्यंत. डोळे उघडता येईनात. खुराडं पंधरा पावलांवर, पण दिसत नव्हतं. मी आवाजाकडे चालले. आवाज माझ्या पुढे पुढे होता, मग थांबला.

हाताला लाकूड लागलं. खुराड्याचं दार.

कडी उघडी होती.

मी वाकून आत गेले. आमचं खुराडं मातीच्या भिंतींचं, माणूस बसू शकेल एवढं. आत गेल्याबरोबर तोंडावर ऊब आली. खोलीत चूल पेटलेली असावी तशी. आणि एक वास. कोंबड्यांचा नाही. आई पाठीला लावायच्या त्या मलमाचा वास.

कोटाच्या खिशातल्या विजेरीने बघितलं. कोंबडा एकटाच दांडीवर बसलेला. लाल दोरा पायात. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या बाजूला, जरा वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर बघत होता.

नऊच्या नऊ कोंबड्या खाली भुशात होत्या. कोपऱ्यात गोल करून. डोकी आत, शेपट्या बाहेर. आणि मध्ये जागा मोकळी. तिथला भुसा दबलेला होता. कुणीतरी बराच काळ मांडी घालून बसून उठावं, तसा.

त्या खळग्यात अंडी होती.

मी मोजली. नऊ.

हात लावला आणि मी रडायलाच लागले. गरम होती. नुकती घातल्यासारखी नाही, त्याहून गरम. हातात धरवत नव्हती. त्या थंडीत अंडं उघड्यावर राहिलं तर घटकाभरात तडकतं. ही नऊ अंडी आत्ताच कुणीतरी मांडीवरून उतरवून ठेवली होती.

मेलेल्या कोंबड्या नऊ.

त्यांच्यातलं काय कुठे गेलं, ते मला तेव्हाच समजलं. पण मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. केला असता तर हात पुढे झाला नसता. मी त्या खळग्यात बसले. मुलीला छातीशी धरून, दातांनी टोक फोडून, एकामागून एक, नऊही अंडी कच्ची प्यायले. घशातून खाली ऊब जात होती ती मला कळत होती. कोंबड्या सरकून माझ्या अंगाला भिडल्या. मांडीला, कुशीला, पोटरीला.

पाठीला सगळ्यात जास्त ऊब होती.

पाठीमागे कोंबडी नव्हती. मागे भिंत होती आणि भिंतीत नि माझ्यात हातभर अंतर होतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. मी फक्त म्हटलं, "आई, हिला वाचवा. तुम्हाला काय न्यायचं ते न्या."

हे मी म्हटलं. आता आठवतं.

थोड्या वेळाने छाती दुखायला लागली. टणटणली. पान्हा फुटला. नुआनच्या ओठांवर दूध आपोआप टपकलं. एक थेंब. दुसरा. तिने जीभ हलवली.

मग ती चोखायला लागली.

मला झोप लागली असावी. शेवटचं आठवतं ते एवढंच... खोकला. दोनदा. आणि दाराच्या बाहेरून... खट्.

सकाळी बर्फ काढणाऱ्या यंत्रामागून बाबा परत आले. घराचं दार सताड उघडं. आत कुणी नाही. चूल विझलेली. ते वेड्यासारखे अंगणात फिरले. मग कोंबडा आरवला म्हणून खुराड्याकडे आले.

बाबा उगाच रंगवून सांगणाऱ्यातले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. खुराड्यासमोर बर्फ कोरा होता. माझी पावलंसुद्धा बुजलेली. कडी बाहेरून लावलेली होती. रोज लावतात तशी, खुंटी खाली दाबून. आतून ती कडी लावता येत नाही. आईंनीच तशी करून घेतली होती, ते जनावर फार हुशार असतं म्हणून.

त्यांनी कडी काढली. आम्ही दोघी आत झोपलेल्या. नुआनचे गाल लाल.

त्यांनी मला विचारलं, "पोरी, कडी कुणी लावली?"



त्या दिवसापासून एकही कोंबडी मेली नाही. अंडी रोज येऊ लागली. माझं दूध पुन्हा आटलं नाही. हाक मात्र रोज यायची. पावणेचारला. मी ती ऐकूनच मुलीला पाजायला घ्यायची.

महिना पूर्ण झाला तेव्हा लाल रंगवलेली अंडी वाटली. गावात मर्तिकाचं सगळं बघतात ते थान आजोबा आले. अंडं सोलता सोलता त्यांनी सहज विचारलं, आईंना आणलं त्या वेळी गाडीतला कोंबडा कुठून आणला होता?

बाबा म्हणाले, घरचाच होता.

आजोबांनी अंडं तसंच खाली ठेवलं.

"घरचा? मग परत आला असेल."

"आला ना. संध्याकाळीच."

आजोबांनी माझ्याकडे मान वळवली. मग बाबांना नाही, मला म्हणाले, "कोंबडा वाट दाखवतो पोरी, पण त्याला फक्त त्याच्या घराची वाट माहीत असते. म्हणून परका कोंबडा नेतात. त्याला इथलं खुराडं माहीत नसतं. तो टेकडीवर थांबतो, माणूसही थांबतं. तुमचा कोंबडा तिला घेऊन घरी आला. त्याच्या घरी."

माओ काकूंनी हातातला वाडगा आपटला. "म्हणजे ती बिचारी तीन महिने खुराड्यात? इतकी वर्षं त्या कोंबड्यांमागे घालवली, आता मेल्यावरही सुटका नाही का?"

कुणी हसलं नाही.

आजोबा म्हणाले, कोंबडा लांब नेऊन सोडा. या टेकडीवर नाही. पलीकडच्या डोंगरात. पुलावर हाक मारून न्या, म्हणजे ती मागून येईल.

मी म्हटलं, नुआनला शंभर दिवस होऊ द्या.

मी असं का म्हटलं ते सगळ्यांना कळलं. कुणी वाद घातला नाही.

मार्चमध्ये नुआनचे शंभर दिवस झाले. नव्या वर्षाच्या सणाला आलेला शिलिन त्यासाठी थांबला होता. तो कोंबडा मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि पुन्हा प्रत्येक पुलावर म्हणाला, आई, पूल आला, भिऊ नको. मी दारात उभी होते. मी मनात म्हटलं, आई, माफ करा. मला तुमची गरज होती म्हणून थांबवलं.

त्या दिवशी पावणेचारला आवाज आला नाही.

कोंबडाही आला नाही.

वर्ष चांगलं गेलं. नऊही कोंबड्या धडधाकट. मी त्यांना घमेलं वाजवून बोलावते, हाक मारत नाही. नुआन बाळसेदार झाली. परवा वर्षाची झाली, भिंतीला धरून चालते. दूध सुटलंय तिचं. पेज-भातासारखं सगळं मऊ मऊ खाते. तिला आता कोंबड्यांची गरज नाही.

कुणालाच नाही.

हे सगळं मी कधी लिहिणार नव्हते. आज लिहितेय, कारण...

आज सकाळी मी खुराडं उघडायला गेले. काल ताजा बर्फ पडलाय. फाटकापासून खुराड्यापर्यंत पावलं होती. कोंबड्याची. मोठ्या नखांची. आत जाणारी. बाहेर येणारी नाहीत.

आत कोंबडा नव्हता.

आठ कोंबड्या दांडीवर. नववी खाली भुशात. पंख पसरून बसलेली, उबवायला बसते तशी. तोंड घराकडे. मी उचलली.

हलकी.

बाबांना मी सांगितलं नाही. ते सकाळपासून हात चोळतायत, म्हणतायत यंदा बोटं गरमच होत नाहीत. मी त्यांना चुलीजवळ बसवलंय.

मी दिवसभर एकच विचार करतेय. मागच्या वेळी मुलगी उपाशी होती. आता कुणी उपाशी नाही. मग ही ऊब कुणासाठी गोळा होतेय?

ऑक्टोबरात मक्याच्या कापणीला शिलिन आठ दिवस आला होता. मला दोन महिने झालेत. मी त्याला कळवलेलं नाही. बाबांना नाही, माओ काकूंना नाही. माझी मलाच खात्री परवा झाली.

मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आईंना कसं कळलं?

मागच्या वेळी अठरा कोंबड्या होत्या, त्यातल्या नऊ लागल्या. आता आठच आहेत. अजून सात महिने जायचेत. आणि मी त्या दिवशी म्हटलं होतं, काय न्यायचं ते न्या. काय, ते सांगितलं नव्हतं.

साडेतीन वाजलेत. चूल पेटलेली आहे, ओटा तापलेला आहे. नुआन शेजारी झोपलीय. मघाशी पांघरूण सरकलं म्हणून तिचे पाय हातात घेतले.

मी ते पोटाशी धरून बसलेय. अजून गरम होत नाहीयेत.